खोटी फिर्याद आणि तिचा हिशेब

व्यापारी घरांत दोन प्रसंग हमखास येतात. एक, माल गेला आणि पैसे आले नाहीत. दुसरा, गल्ल्यातील रोकड रोजमेळाशी जुळली नाही. दोन्ही वेळी घरातील किंवा पेढीवरील कोणीतरी सुचवतेच, “एकदा पोलिसांत तक्रार देऊन टाका, म्हणजे सगळे सरळ होतील.” नुकसान झालेल्या माणसाच्या तोंडी हा सल्ला शोभतो आणि खरी तक्रार देण्याचा त्याला पूर्ण अधिकारही आहे. अडचण त्यापुढच्या वाक्यात असते : “जरा वाढवून लिहा, नाहीतर कोणी दखल घेणार नाही.” या एका वाक्याने थकलेली उधारी ‘फसवणूक’ होते, संशय ‘चोरी’ होतो आणि दुकानासमोरची बाचाबाची ‘जिवे मारण्याची धमकी’ होते. वाढवून लिहिलेल्या त्या चार ओळींची किंमत पुढे कोणाला व किती मोजावी लागते, याचा हिशेब तक्रार लिहिण्यापूर्वीच मांडलेला बरा.

फिर्याद कोणाच्या मालकीची?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. त्यापूर्वी घडलेल्या अपराधांना जुनी दंड संहिताच लागू राहते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र अपराधाची खबर मिळाली की पोलिसांनी ती लिहून घ्यायची, खबर देणाऱ्यास वाचून दाखवायची, त्याची सही घ्यायची आणि एक प्रत त्याला विनामूल्य द्यायची असते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. मोबाइलवरून पाठवलेली तक्रार म्हणजे हलकी तक्रार, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. सही झाली की तिचे वजन ठाण्यात बसून लिहिलेल्या फिर्यादीएवढेच असते.

ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली निर्वाळा दिला की, खबरीवरून दखलपात्र अपराध दिसत असेल तर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मात्र व्यापारी व्यवहारांतून उद्भवलेले अपराध, कौटुंबिक वाद, वैद्यकीय हलगर्जीपणा अशा काही बाबींत प्रथम प्राथमिक चौकशी करण्यास न्यायालयाने मुभा ठेवली. व्यापारी तक्रारींचा यात मुद्दाम उल्लेख व्हावा, ही गोष्ट व्यापारी वर्गाने लक्षात घेण्याजोगी आहे.

यातला खरा मुद्दा असा, की गुन्हा नोंदला गेल्यावर तो फिर्यादीचा राहत नाही. तो राज्याचा होतो. “पैसे आले की तक्रार मागे घेऊ” हा बेत अनेकांच्या मनात असतो. कायद्यात मात्र ठाण्यात जाऊन फिर्याद परत आणण्याची सोय नाही. काही अपराधांत आपसमेळ चालतो, काहींत त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि काहींत तो चालतच नाही. चुकीचा धनादेश बँकेत वटण्यापूर्वी थांबवता येतो. सही केलेली फिर्याद तशी थांबवता येत नाही.

दोन कलमे, दोन अपराध

खोट्या खबरीबद्दल न्याय संहितेत दोन मुख्य कलमे आहेत. पहिले कलम २१७. आपण देत असलेली माहिती खोटी आहे हे ठाऊक असताना, लोकसेवकाने आपले अधिकार वापरून दुसऱ्यास इजा किंवा त्रास द्यावा, अथवा खरी वस्तुस्थिती कळली असती तर जे त्याने केले नसते ते करावे, अशा हेतूने किंवा जाणिवेने ती माहिती देणे हा अपराध होय. जुन्या दंड संहितेचे कलम १८२ ते हेच. तेव्हा शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी होती. आता ती एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी आहे.

“आम्ही कोणाचे नाव घेतले नाही, अज्ञात इसम असेच लिहिले” अशी सबब अनेकदा पुढे केली जाते. याच कलमाखालील एका दृष्टान्ताने ती निकालात निघते. एखाद्याने अमुक गावाजवळ आपल्याला मारहाण करून लुटले अशी खोटी खबर दिली आणि कोणाचेही नाव घेतले नाही, तरी पोलीस त्या गावात चौकशी व झडत्या करतील आणि गावकऱ्यांना त्रास होईल हे त्याला ठाऊक असते. तेवढ्याने अपराध पूर्ण होतो.

दुसरे आणि अधिक कडक कलम २४८. एखाद्यास इजा पोहोचवण्याच्या हेतूने, आरोपाला न्याय्य वा कायदेशीर आधार नाही हे जाणून, त्याच्यावर अपराधाचा खोटा आरोप करणे किंवा फौजदारी कार्यवाही सुरू करणे हा त्याचा विषय. पूर्वीच्या कलम २११ मध्ये यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होती. आता पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कैदेच्या अपराधाचा खोटा आरोप करून कार्यवाही सुरू केली असेल, तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड अशी होऊ शकते. थोडक्यात, आळ जितका गंभीर तितके त्याचे उलटणेही गंभीर.

गोष्ट येथेच संपत नाही. फिर्यादीला पुढे न्यायालयात शपथेवर साक्ष द्यावी लागते. खोटी फिर्याद टिकवण्यासाठी तेथेही खोटेच बोलले गेले, तर कलम २२९ खाली न्यायिक कार्यवाहीतील खोट्या साक्षीबद्दल सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. फिर्यादीला आधार म्हणून बिल, पावती किंवा खतावणीचे पान नव्याने तयार केले, तर खोटा पुरावा रचणे आणि बनावट दस्तऐवज करणे हे वेगळे अपराध त्यात मिळतात. एक असत्य सांभाळण्यासाठी दुसरे आणि दुसऱ्यासाठी तिसरे, अशी ही चढत्या व्याजाची उधारी आहे.

खोटे आणि सिद्ध न झालेले

इतके वाचून कोणी खरी तक्रार देण्यासही कचरेल, तर ते इष्ट नव्हे. कायद्याचा रोख जाणूनबुजून केलेल्या असत्यावर आहे. प्रामाणिक समजातून दिलेली खबर पुढे चुकीची ठरली, साक्षीदार फिरले, पुरावा अपुरा पडला किंवा आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला, एवढ्यावरून फिर्यादी खोटा ठरत नाही. बदनामीच्या कलम ३५६ मध्येही, योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या आरोपास अपवाद म्हणून संरक्षण दिलेले आहे. घरात छळ सोसणारी सून असो, कामाच्या ठिकाणी त्रास सोसणारी मुलगी असो, की खरोखर लुटला गेलेला दुकानदार असो, त्यांनी ही कलमे वाचून गप्प बसण्याचे कारण नाही. “तक्रार खोटी निघाली तर तूच अडकशील” असे धमकावून खऱ्या फिर्यादीला परतवणे हाही अन्यायच आहे.

महाराष्ट्रात पोलीस तपासाअंती आरोपपत्र न पाठवता न्यायालयाकडे जो समारोप अहवाल पाठवतात, त्याच्या वर्गवारीत हा भेद दिसतो. गुन्हा खरा पण आरोपीचा शोध लागला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्याद द्वेषबुद्धीने खोटी दिलेली आढळली, तर ‘ब’ समरी. गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची असेल, तर ‘क’ समरी. अहवाल आला म्हणून न्यायालय तो तसाच स्वीकारत नाही. १९८५ च्या भगवंत सिंग प्रकरणातील निर्णयानुसार फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. ‘ब’ समरी मंजूर झाली, तर फिर्यादीवर कारवाईचा मार्ग मोकळा होतो.

पेढीवर घडणारे चार प्रकार

पहिला प्रकार विम्याचा. दुकानात चोरी झाली हे खरे, पण गेलेला माल फुगवून सांगितला. किंवा चोरी झालीच नाही आणि मंदीत अडकलेला माल ‘चोरीस गेला’ असे दाखवले. समजा, फिर्यादीत ३१ लाखांचा माल गेला असे लिहिले आहे. विमा कंपनीचा सर्वेक्षक खरेदीची बिले, जीएसटीची विवरणे, ई-वे बिले आणि आधीच्या वर्षाचा अखेरचा साठा मागतो. कॅश क्रेडिटचे खाते असेल, तर बँकेला दर महिन्यास दिलेले स्टॉक स्टेटमेंटही मागतो. त्यात जर एकूण साठाच १८ लाखांचा असेल, तर उरलेले १३ लाख कोठून आले याचे उत्तर देता येत नाही. याउलट बँकेकडून जादा उचल मिळावी म्हणून स्टॉक स्टेटमेंटच फुगवलेले असेल, तर विम्याच्या तपासणीत ती लबाडीही उघडी पडते. अशा वेळी दावा नामंजूर होतोच. त्याशिवाय खोटी खबर आणि कलम ३१८ खालील फसवणूक असे दोन गुन्हे अंगावर येतात. फसवणुकीच्या गंभीर प्रकारास सात वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरा प्रकार धनादेशाचा. पुरवठादाराला सही करून दिलेला धनादेश वटणार नाही असे दिसू लागले, की काही जण तो ‘गहाळ झाला’ किंवा ‘चोरीस गेला’ अशी तक्रार देऊन बँकेला रक्कम न देण्याची सूचना देतात. बँकेच्या संगणकात त्या सूचनेची नोंद दिनांकासह राहते, खात्यातील त्या दिवशीची शिल्लक दिसते, आणि पुरवठादाराकडे मालाचे बिल व पोच असते. तिन्ही कागद शेजारी ठेवले की खरे काय ते कळते. केवळ रक्कम थांबवण्याची सूचना दिल्याने परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मोदी सिमेंट्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे मूळ देणे तसेच राहते आणि वर खोट्या खबरीचा अपराध चढतो.

तिसरा प्रकार नोकरावरील आळाचा, आणि माणुसकीच्या दृष्टीने सर्वांत दुखरा. गल्ल्यात वीस हजार कमी भरले, कपाटातील बांगडी सापडेना, की पहिली नजर पगारी माणसाकडे जाते. संशय येणे हा अपराध नाही. परंतु “मी स्वतः पाहिले” असे न पाहता लिहून देणे, किंवा बांगडी पुढे घरातच सापडल्यावरही गप्प राहणे, हे संशयाच्या पलीकडचे आहे. मालकाला वकील मिळतो, जामीनदार मिळतो; पंधरा हजार रुपये पगाराच्या माणसाला दोन्ही शोधावे लागतात. तो पुढे निर्दोष सुटला, तरी बाजारपेठेत त्याला दुसरी नोकरी देताना प्रत्येक जण त्या प्रकरणाची चौकशी करतो. वस्तू सापडली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्याला लेखी कळवणे हे कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे आणि मनुष्य म्हणून कर्तव्याचे आहे.

चौथा प्रकार वसुलीसाठी फिर्याद. पैसे बुडाले म्हणजे फसवणूक झालीच, असे कायदा मानत नाही. व्यवहाराच्या आरंभीच बुडवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. धंदा बसल्यामुळे देणे थकले, तर तो दिवाणी वाद होय. इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या २००६ च्या निर्णयात, निव्वळ दिवाणी वादांना फौजदारी रूप देण्याची व्यापारी वर्तुळातील वाढती प्रवृत्ती सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नोंदवली आणि निरपराधांना त्रास देणाऱ्या फिर्यादींना जबाबदार धरण्याची गरजही सांगितली. त्याच प्रकरणात काही आरोपांवरील कार्यवाही मात्र न्यायालयाने पुढे चालू दिली. कारण दिवाणी उपाय उपलब्ध आहे म्हणून खरी फसवणूक माफ होत नाही. भेद वस्तुस्थितीचा आहे आणि तो फिर्यादीच्या भाषेने बदलत नाही.

कर्जवसुलीच्या क्षेत्रात याची उलट बाजू दिसते. प्रियंका श्रीवास्तव प्रकरणात एका गृहकर्जदाराने, थकबाकीपोटी तारण मालमत्तेवर कारवाई सुरू होताच, वित्तसंस्थेच्या अधिकाऱ्यांवरच फौजदारी तक्रारी केल्या. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कार्यवाही रद्द केल्या आणि पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा असा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करणाऱ्याने सोबत प्रतिज्ञापत्र जोडलेच पाहिजे, असा नियम घातला. हेतू उघड होता : असत्य लिहिताना अर्जदाराने आपली जबाबदारी जाणावी. ही अट आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ मध्येच समाविष्ट झाली आहे.

आळ आपल्यावर आला तर

खोट्या फिर्यादीला दुसरी खोटी फिर्याद हे उत्तर नव्हे. पोलिसांची नोटीस आली, तर वकिलाच्या सल्ल्याने हजर राहावे. अटकेची रास्त भीती असेल, तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. त्याच दिवशी दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रण सुरक्षित करावे, कारण साठवण भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. बँक उतारे, बिले, मालाच्या पोचपावत्या आणि मोबाइलवरील संदेश क्रमवार लावून ठेवावेत. फिर्याद वरवर पाहताही अपराध दाखवत नसेल किंवा वैयक्तिक सूडातून दिलेली असेल, तर कलम ५२८ खाली उच्च न्यायालय ती रद्द करू शकते. कोणत्या परिस्थितीत असे करता येते, याचे सात प्रकार भजनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहेत.

फिर्यादीवर कारवाईची वाट मात्र सरळ नाही. कलम २१७ साठी पीडिताला स्वतः न्यायालयात जाता येत नाही. ज्या अधिकाऱ्याला खोटी खबर दिली त्याने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, लेखी तक्रार करावी लागते. खोटा आरोप न्यायालयीन कार्यवाहीत किंवा तिच्या संबंधात झाला असेल, तर ती तक्रार न्यायालयाकडूनच व्हावी लागते आणि त्यासाठी कलम ३७९ खाली अर्ज करता येतो. याखेरीज, आरोपाला वाजवी आधार नव्हता असे दिसल्यास दंडाधिकारी कलम २७३ खाली फिर्यादीकडून भरपाई देववू शकतात. विनाकारण अटक घडवून आणल्याबद्दल कलम ३९९ खालील भरपाईची मर्यादा तर अवघी एक हजार रुपये आहे. बदनामीचा खटला आणि द्वेषमूलक खटल्याबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा हे आणखी दोन मार्ग. या दाव्याची मुदत निर्दोष सुटका झाल्यापासून अथवा खटला अन्यथा संपल्यापासून केवळ एक वर्ष आहे. सुटकेच्या आनंदात अनेकांचे ते वर्ष निघून जाते.

लिहिण्यापूर्वी

जैन परंपरेने अठरा पापस्थानांत ‘मृषावाद’ म्हणजे असत्य बोलणे सांगितल्यावरही ‘अभ्याख्यान’, म्हणजे दुसऱ्यावर खोटा आळ घेणे, हे वेगळे पापस्थान म्हणून मोजले आहे. श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, याचाही समावेश आहे. सामान्य असत्याहून आळ निराळा आणि लिहिलेले असत्य निराळे, हा भेद आजच्या कायद्याच्या कलमांतही तसाच दिसतो.

व्यवहारात पाळण्याचे नियम थोडके आहेत. तक्रारीत जे स्वतः पाहिले ते ‘पाहिले’ असे लिहावे, जे ऐकले ते ‘ऐकले’ असे, आणि संशय असेल तर ‘संशय आहे, कारण अमुक’ असे. रकमा वहीतून उतरवाव्यात, अंदाजाने घालू नयेत. सही करण्यापूर्वी मजकूर पूर्ण वाचावा आणि आपण न सांगितलेला शब्द आला असेल तर बदलून घ्यावा. भाऊबंदकीच्या किंवा भागीदारीच्या भांडणात एक रात्र जाऊ द्यावी आणि घरातील वडीलधाऱ्यांसमोर तो मजकूर वाचून दाखवावा. पुष्कळ विशेषणे तेथेच गळून पडतात. थकीत वसुलीसाठी धनादेश परत आल्यास तीस दिवसांत नोटीस, तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा, मध्यस्थी किंवा लवाद हे मार्ग आहेत. ते संथ आहेत, पण त्यांवर चालणाऱ्याला मागे वळून पाहावे लागत नाही.

पेढीवर लिहिलेली नोंद चुकली तर दुसऱ्या दिवशी जमाखर्चाने ती दुरुस्त करता येते. पोलीस ठाण्यात लिहिलेल्या नोंदीने मधल्या काळात एखाद्या माणसाची रात्र कोठडीत गेलेली असते, आणि ती रात्र कोणत्याही खात्यावर परत जमा होत नाही.